कोड ३०१२

१२ जून २०२३ ला एमएचटी-सीईटीचा, म्हणजे इंजिनियरिंग प्रवेशासाठीच्या राज्याच्या परीक्षेचा निकाल लागला. सकाळी साइट उघडतच नव्हती. उघडली तेव्हा मी, आई आणि शेजारची वहिनी अशा तिघी एका मोबाइलवर वाकलो होतो. फिजिक्स ९१, केमिस्ट्री ९३, मॅथ्स ७९ आणि एकूण ८८.४१. आईने विचारलं, "अठ्ठ्याऐंशी म्हणजे चांगलेच की गं?" बारावीला मला ८१ टक्के होते, त्यामुळे तिला हा आकडा त्याहून मोठा वाटला. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, हे तिला त्या वेळी सांगायचं माझ्या जिवावर आलं. मी नुसतं "हो" म्हणाले आणि गोठ्याकडे निघून गेले.

८८.४१ चा अर्थ असा, की पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) गटात बसलेल्या दर शंभर मुलांमधली जवळजवळ बारा माझ्या पुढे होती. परीक्षेला लाखांनी मुलं बसतात, म्हणजे पुढची मुलं कित्येक हजार झाली. आणि मला जायचं होतं व्हीजेटीआय या मुंबईच्या जुन्या इंजिनियरिंग कॉलेजला. नववीत असताना आमच्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी आम्हाला भेटायला आली होती. ती माटुंग्याच्या व्हीजेटीआयमध्ये शिकत होती. कोयनेकाठच्या गावातली, आमच्याच शाळेच्या बाकांवर बसलेली मुलगी मुंबईत इंजिनियर होतेय, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. त्या दिवसापासून वहीच्या शेवटच्या पानावर मी ते नाव लिहून ठेवलं होतं. तिथल्या कॉम्प्युटर शाखेचा प्रवेश ९९ पर्सेंटाइलच्या कितीतरी वरच बंद होतो, हे मला निकालाआधीच माहीत होतं.

मार्क कमी का पडले, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. अकरावीचं बरंचसं वर्ष मोबाइलवरच्या ऑनलाइन वर्गांत गेलं आणि आमच्या घरात रेंज फक्त माडीच्या खिडकीत येते. पण तेवढंच कारण नव्हतं. मी गणित बोर्डासारखं सोडवत होते, पायरी पायरी मांडून, शेवटी उत्तराखाली रेघ मारून. सीईटीत गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत संपवायचे असतात. प्रत्येकाला दोन गुण, आणि चुकलं तर वजाबाकी नाही. अडतिसाव्या प्रश्नाला घड्याळात चार मिनिटं उरली होती. पुढचे बारा मी न वाचता टिचकले. मला ती गणितं येत होती. परीक्षा मात्र वेगाची होती आणि त्या वेगाचा सराव मी केला नव्हता. यात कुणाचा दोष नाही. पण पुढे जो कुणी परीक्षेला बसेल त्याला मी हे पहिल्यांदा सांगते: घड्याळ लावून पेपर सोडवा, किमान वीस तरी.

निकालानंतरच्या दोन दिवसांत तीन अनोळखी फोन आले. आमचा नंबर त्यांच्याकडे कसा गेला कोण जाणे. एकाने आठ हजार रुपयांत ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांच्या पसंतीक्रमाचा अर्ज, भरून देतो म्हणून सांगितलं. दुसऱ्याने पुण्याजवळच्या एका कॉलेजात मॅनेजमेंट कोट्यातून कॉम्प्युटरची सीट 'बसवून देतो' म्हटलं आणि जो आकडा सांगितला तो ऐकून पप्पा गप्प झाले. त्या रात्री ते आणि आई ओसरीवर हळू आवाजात बोलत होते. दुभत्या म्हशीचं नाव माझ्या कानावर आलं. मी उठून बाहेर गेले आणि म्हणाले, "पप्पा, मला पंधरा दिवस द्या. आधी मी स्वतः सगळं वाचते." मी काय वाचणार होते हे मलाही तेव्हा नीट ठाऊक नव्हतं.

वाचलं ते आदल्या वर्षीचं कटऑफ, म्हणजे प्रत्येक जागेवर शेवटचा प्रवेश किती पर्सेंटाइलला झाला ते. राज्याचं सीईटी सेल दरवर्षी प्रत्येक प्रवेश फेरीची यादी पीडीएफमध्ये टाकतं. शेकडो पानांचा तो दस्तऐवज पहिल्यांदा उघडला की डोळे फिरतात. प्रत्येक कॉलेजखाली प्रत्येक शाखा, त्याखाली रकाने, आणि रकान्यांवर जीओपेन्स, एलओपेन्स, जीओपेनएच, जीओपेनओ अशी अक्षरं. कराडच्या कॉम्प्युटर सेंटरवाल्या दादाने मला हव्या तेवढ्या पानांच्या प्रिंट काढून दिल्या. मी त्या घेऊन दोन दिवस माडीवर बसले. मोडी वाचायला शिकावं तशी ती अक्षरं मी उकलली. पहिलं जी म्हणजे सर्वसाधारण जागा, एल म्हणजे मुलींसाठी राखीव. मधली अक्षरं प्रवर्गाची. शेवटचं एच म्हणजे त्याच विद्यापीठाच्या हद्दीतल्या मुलांसाठी, ओ म्हणजे हद्दीबाहेरच्यांसाठी, आणि एस म्हणजे सगळ्या राज्यासाठी एकच यादी.

हे शेवटचं अक्षर माझ्या फार कामाचं होतं. सातारा जिल्हा शिवाजी विद्यापीठाच्या हद्दीत येतो. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या पुष्कळ कॉलेजांत मी 'बाहेरची' ठरत होते आणि तिथल्या थोड्या जागांसाठी भांडणार होते. व्हीजेटीआयच्या पानावर मात्र एस होतं. तिथे मुंबईची मुलगी आणि कोयनेकाठची मुलगी एकाच रांगेत. मी बोट ठेवून ते पान वरून खाली वाचत गेले. संस्थेचा कोड ३०१२. कॉम्प्युटर, आयटी, इलेक्ट्रॉनिक्स या आकड्यांकडे बघण्यात अर्थ नव्हता. मेकॅनिकल नाही, इलेक्ट्रिकल नाही, सिव्हिलही नाही. आणि मग टेक्स्टाइल टेक्नॉलॉजी. एलओपेन्सच्या रकान्यात, शेवटच्या फेरीत, माझ्या आकड्याच्या अगदी शेजारचा आकडा होता.

मी ते पान उशाखाली घेऊन झोपले. सकाळी पहिली गोष्ट केली ती अशी, की आबांना सांगितलं.

इथे आबांबद्दल सांगायला हवं. आबा म्हणजे माझे आजोबा, पप्पांचे वडील. सतराव्या वर्षी ते मुंबईला गेले. आमच्या भागातल्या घरटी एका तरी माणसाने तेव्हा मुंबई गाठलेली असायची. लालबागला गावच्या गाळ्यात पंचवीस-तीस माणसं पाळीपाळीने झोपायची, खानावळीत जेवायची. आबा आधी बदली कामगार होते, मग साचे खात्यात, म्हणजे मागांच्या विभागात, कायम झाले. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यात आबाही होते. काही महिने वाट बघून ते गावी आले ते कायमचेच. त्यांच्याकडे एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात गिरणीचं ओळखपत्र, तिकीट नंबर, पगाराच्या चिठ्ठ्या असं सगळं प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेलं आहे. गिरणी कामगारांच्या घरांसाठी अर्ज केला तेव्हा तेच कागद उपयोगी आले.

मला वाटलं होतं आबा खूश होतील. ते पान त्यांनी हातात घेतलं, इंग्रजी वाचता येत नसूनही बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "आगं पोरी, ज्या तुसातनं आमी जीव घेऊन भायेर आलो, तिथं तू फी भरून जाणार व्हय?" मग खोकला आला आणि ते उठून अंगणात गेले. कापसाचं ते तूस त्यांच्या छातीत अजून आहे, असं आजी म्हणते. दोन दिवस ते माझ्याशी त्या विषयावर बोलले नाहीत.

बाकीच्यांचं वेगळंच होतं. वर्गातल्या मैत्रिणीने फोनवर विचारलं, "टेक्स्टाइल म्हणजे शिवणकाम का गं?" मामा म्हणाला, नावासाठी कॉलेज घेऊ नकोस, नोकरी शाखेवर मिळते. मामाचं म्हणणं मला खोडता आलं नाही, कारण त्यात तथ्य होतं. मी टेक्स्टाइलकडे बघत होते ते फक्त माझ्या मार्कांत बसतंय म्हणून. चार वर्षं ज्या विषयाबरोबर काढायची तो मी डोळ्यांनी पाहिलासुद्धा नव्हता. कमी मार्कांवर मोठ्या कॉलेजात शिरायची वाट बहुतेक वेळा कमी मागणीच्या शाखेतून जाते, आणि ती वाट धरणारी पुष्कळ मुलं पुढे दोन वर्षं त्या शाखेचा राग राग करत काढतात, हे मी एका दूरच्या दादाच्या बाबतीत पाहिलं होतं. म्हणून मी पप्पांना म्हटलं, मला एकदा इचलकरंजीला घेऊन चला.

पप्पांच्या ओळखीतल्या एकांचे तिथे यंत्रमाग आहेत. कराडहून एसटीने गेलो. पहिल्या शेडमध्ये जुने माग होते. आत पाऊल टाकलं आणि आवाजाने छातीत धडधड व्हायला लागली. धोटा, म्हणजे आडवा धागा घेऊन जाणारा लाकडी तुकडा, या टोकाकडून त्या टोकाकडे आपटत होता, दर फेरीला फळीवर हातोडा बसावा तसा. माणसं एकमेकांशी खुणांनी बोलत होती. आबा ज्या आवाजात उभे राहायचे तो हा, असं वाटून मला तिथे फार वेळ थांबवेना.

पलीकडच्या शेडमध्ये नवे रेपियर माग होते, बिनधोट्याचे. आवाज इथेही होता, पण बोललेलं ऐकू येत होतं. मी बघत असताना एक माग अचानक थांबला आणि त्याच्यावरचा दिवा लागला. बारीक केसासारखा एक धागा तुटला होता. मी मालकांना विचारलं, हजारो धाग्यांतला एक तुटला हे यंत्राला कळलं कसं? त्यांनी मला मागच्या बाजूला नेलं. ताण्याच्या, म्हणजे उभ्या, प्रत्येक धाग्यावर पत्र्याची एक पातळ पट्टी लटकत असते. धागा ताठ आहे तोवर ती वर तरंगते. धागा तुटला की पट्टी खाली पडते, खालच्या सळईला टेकते, सर्किट पूर्ण होतं आणि माग थांबतो. इतकं साधं. मी ती पट्टी बोटाने उचलून सोडून पाहिली. एका धाग्याला एक पट्टी, अशा हजारो, आणि हजारोंतली एक जरी पडली तरी अख्खं यंत्र थांबून माणसाची वाट बघतं.

मी त्या मागाजवळ अर्धा तास उभी होते. मालकांनी मग सुताचा काउंट समजावून सांगितला. एक पौंड सुतात ८४० यार्डांच्या जितक्या लडी बसतील तो त्याचा काउंट, म्हणून आकडा जितका मोठा तितकं सूत बारीक. माती धरून ठेवायला रस्त्याखाली घालतात ते कापड, जखमेवर बांधायचं कापड, गाडीच्या एअरबॅगचं कापड, हे सगळं याच विषयात येतं हे मला तिथे कळलं. तांत्रिक वस्त्रांसाठी केंद्र सरकारने २०२० मध्ये १,४८० कोटींची वेगळी मोहीम मंजूर केली होती, हे मी नंतर शोधून वाचलं. परतीच्या एसटीत पप्पांनी विचारलं, "काय ठरलं?" मी म्हटलं, "पप्पा, मार्क जास्त असते तर मी इथे आलेच नसते. पण आता मार्क वाढवून दिले तरी मला हेच बघायचंय." हे बोलताना माझा आवाज कापत होता, कारण ते खरं होतं आणि तिथे प्रवेश मिळेलच असं नव्हतं.

घरी आल्यावर आबांना त्या पट्टीबद्दल सांगितलं. ते ऐकून घेत होते. त्यांच्या साच्यांवर असलं काही नव्हतं, तुटलेला धागा डोळ्यांनी शोधावा लागायचा. उशीर झाला तर कापडात फट पडायची आणि पगारातून पैसे कापले जायचे. "डोळं फाडफाडून बघाय लागायचं," ते म्हणाले. पण हो किंवा नाही असं काही बोलले नाहीत.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. अधिवास, राष्ट्रीयत्व, उत्पन्नाचा दाखला, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, सगळं स्कॅन करून अपलोड केलं. नोंदणी करून सुविधा केंद्राकडून तपासून घेतलं. एकच सल्ला देते, दाखले मार्च-एप्रिलमध्येच काढून ठेवा, जूनमध्ये सगळ्या तालुक्याची पोरं एकाच खिडकीवर असतात. उत्पन्नाचा दाखला असल्यामुळे मला टीएफडब्ल्यूएसच्या जागाही भरता येणार होत्या. त्यात शिकवणी शुल्क माफ असतं, पण त्यासाठी वेगळा कोड टाकावा लागतो. पुष्कळांना वाटतं उत्पन्न कमी दाखवलं की आपोआप मिळतं. तसं होत नाही.

गुणवत्ता यादी लागली तेव्हा राज्यात माझा क्रमांक तीस हजारांच्या पुढे होता. तो आकडा बघून आई रडली. तिला त्या दिवशी पर्सेंटाइलचा खरा अर्थ कळला. मी तिला कटऑफचं पान दाखवलं, बोट धरून एलओपेन्सचा रकाना दाखवला. तिने डोळे पुसले आणि विचारलं, "मग हे पहिलंच लिहायचं का?"

ऑप्शन फॉर्म हाच या सगळ्या प्रक्रियेचा जीव आहे. तीनशेपर्यंत पर्याय भरता येतात. गावात आणि क्लासेसच्या बाहेर त्याबद्दल इतक्या खोट्या समजुती फिरतात की त्यातच चांगली चांगली मुलं फसतात. 'न मिळणारं वर टाकलं तर नंबर फुकट जातो' हे मी निदान दहा जणांकडून ऐकलं. तसं काही नसतं. संगणक तुमची यादी वरून खाली वाचतो आणि तुमच्या गुणवत्तेवर जे पहिलं बसेल ते देतो. वर न बसणारे वीस पर्याय असले तरी एकविसावा तितकाच तुमचा असतो. खरं जपायचं असतं ते वेगळंच. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला तर तो आपोआप गोठतो, पुढच्या फेरीत जाता येत नाही. म्हणून पहिल्या जागी तेच लिहावं जे मिळाल्यावर दुसरं काही नको असेल. आणि यादी नेमकी आपल्या आवडीच्या क्रमाने लावावी, कटऑफच्या क्रमाने नाही.

मी तेवीस पर्याय लिहिले. पहिला व्हीजेटीआय टेक्स्टाइल, दुसरा त्याचाच टीएफडब्ल्यूएसचा कोड. क्रम बघून लगेच चूक लक्षात आली. फीमाफीची जागा मिळाली तर ती मला आधी हवी होती, म्हणून दोन्ही उलटे केले. तिसरा इचलकरंजीच्या कॉलेजातलं टेक्स्टाइल, मग कराडच्या सरकारी कॉलेजातल्या शाखा, मग सांगली-कोल्हापूरकडचं मेकॅनिकल आणि सिव्हिल. कॉम्प्युटर मी एकाही कॉलेजचं लिहिलं नाही. मामाने यादी बघून विचारलं, "एकसुद्धा नाही?" मी म्हटलं, नाही.

तो अधिक श्रावण होता. घरात जावयांना धोंडे-जेवणाची आमंत्रणं चालली होती, आत्या माहेरी आल्या होत्या आणि प्रत्येकजण मला एकच प्रश्न विचारत होता. बाहेर आमच्याकडचा पाऊस, दिवसदिवस लाइट नाही. फॉर्म कन्फर्म करायच्या शेवटच्या दिवशी मोबाइलमध्ये नऊ टक्के चार्जिंग होतं. पप्पांनी मोटरसायकलवरून मला हायवेवरच्या एका ढाब्यावर नेलं. तिथे इन्व्हर्टर होता. भजी तळत होते, मी ओल्या रेनकोटमध्ये ओटीपी टाकत होते, पप्पा मागे उभे राहून स्क्रीनवर पाण्याचे थेंब पडू नयेत म्हणून हात धरून होते.

पहिल्या फेरीत माझा अकरावा पर्याय लागला. सांगलीकडचं मेकॅनिकल. सगळे म्हणाले, घेऊन टाक, चांगलं आहे. घेऊन टाकणं म्हणजे 'फ्रीझ' करणं, मग दार बंद. मी एक हजार रुपये सीट स्वीकृतीचे भरले आणि 'बेटरमेंट' निवडलं. म्हणजे ही जागा हातात आहे, पण पुढच्या फेरीत वरचं काही मिळालं तर ही सुटेल. सुटलेली जागा परत मागता येत नाही. म्हणूनच हातातल्या जागेच्या वर फक्त तेच पर्याय ठेवायचे, जे खरोखर तिच्याहून हवे आहेत.

दुसऱ्या फेरीत काहीच हललं नाही. मला वाटतं तो आठवडा सगळ्यात कठीण गेला. निकालाच्या दिवशी सगळं एकदम कोसळलं होतं, इथे रोज थोडं थोडं कोसळत होतं. दुसऱ्या फेरीचं कटऑफ लागल्यावर मी बघितलं. ३०१२ च्या टेक्स्टाइलमध्ये एलओपेन्सचा आकडा माझ्यापेक्षा जेमतेम एका पर्सेंटाइलने वर होता. वरच्या मुली बेटरमेंटने दुसऱ्या शाखांत सरकल्या तर जागा खाली झिरपणार होती. मी मनात त्या न पाहिलेल्या मुलींसाठी प्रार्थना करत होते, की तुम्हाला तुमचं हवं ते मिळो. हे मी अगदी खरं सांगते आहे. आपली जागा कुणाच्या तरी चांगल्या होण्यातून रिकामी होते, हे त्या फेऱ्यांमध्ये मला पहिल्यांदा कळलं.

तिसरी फेरी ऑगस्टच्या मध्याला लागली. मी लॉगिन करायला घाबरत होते, म्हणून पप्पांनी केलं. त्यांनी मोठ्याने वाचलं, एकेक अक्षर सुटं करून: "तीन, शून्य, एक, दोन." पुढचं वाचायला त्यांना जरा वेळ लागला. टीएफडब्ल्यूएस मिळालं नव्हतं. दुसरा पर्याय मिळाला होता. व्हीरमाता जिजाबाई टेक्नॉलॉजिकल इन्स्टिट्यूट, टेक्स्टाइल टेक्नॉलॉजी, एलओपेन्स. पप्पांनी 'वीरमाता'चं 'व्हीरमाता' केलं होतं आणि आम्ही कुणीच ते दुरुस्त केलं नाही. आई देवापुढे साखर ठेवायला गेली. फीचा निम्मा भार राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीत उतरेल, एवढा हिशोब मी आधीच मांडून ठेवला होता. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर तो अर्जही मीच भरला.

प्रवेश पक्का करायला प्रत्यक्ष जावं लागतं. पप्पा आणि मी जाणार होतो. आदल्या रात्री आबांनी त्यांचं धोतर आणि टोपी काढून ठेवलेली दिसली. कुणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. कराडहून रात्रीची महालक्ष्मी धरली. सकाळी दादर यायच्या आधीच आबा दाराजवळ जाऊन उभे राहिले होते. फलाटावर उतरल्यावर त्यांनी मला काही दाखवलं नाही, काही आठवणी सांगितल्या नाहीत. फक्त पुलावर चढताना म्हणाले, "हितनं चालत गेलं तर लालबाग अर्धा तास." मग आम्ही माटुंग्याला गेलो. फाइव्ह गार्डन्सच्या मोठ्या झाडांखालून जाताना पाऊस थांबला होता.

ही संस्था १८८७ मध्ये सुरू झाली, व्हिक्टोरिया ज्युबिली या नावाने. मुंबईत तेव्हा गिरण्या वाढत होत्या आणि त्यांना शिकलेली माणसं हवी होती. विणकामाचं शिक्षण हा तिथल्या सगळ्यात जुन्या विषयांपैकी एक. १९२३ मध्ये ती माटुंग्याला आली आणि १९९७ मध्ये तिला वीरमाता जिजाबाईंचं नाव मिळालं. मी हे आबांना रांगेत उभी असताना सांगितलं. ते दगडी इमारतीकडे बघत राहिले. म्हणाले, "आमच्या खात्याचं मास्तर लोक हितनंच शिकून याचे म्हणायचे. आमी फाटकाच्या आत कदी आलो न्हाई." खिडकीवरच्या बाईंनी माझे मूळ कागद तपासले, शिक्का मारला, पावती दिली. आबांनी ती पावती माझ्याकडून मागून घेतली, घडी घातली आणि स्वतः आणलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली. संध्याकाळी परत देताना म्हणाले, "ह्ये हारवायचं न्हाई."

पहिलं सेमिस्टर सोपं गेलं नाही. माझ्या वर्गातल्या मुलामुलींना माझ्याहून चांगले पर्सेंटाइल होते, आणि गणितात माझी गती अजूनही कमीच होती. पहिल्या चाचणीत मी गणितात काठावर पास झाले. हॉस्टेलवर एका सीनियर ताईने मला रोज रात्री एक तास घड्याळ लावून बसवलं. कॉम्प्युटरच्या मुलांच्या पगारांच्या गोष्टी कानावर यायच्या. आमच्या शाखेत तेवढे आकडे सहसा ऐकू येत नाहीत, हे मी लपवणार नाही. पर्सेंटाइल विचारणारे मात्र तिथे कुणी नव्हते. दुसऱ्या महिन्यानंतर तो आकडा मलाही आठवायचा थांबला. आज हे लिहिताना निकालाची प्रत शोधून काढावी लागली.

माग पहिल्यांदा जवळून शिकवला गेला त्या दिवशी मी आबांना फोन केला. सांगितलं, आता धोट्याऐवजी हवेच्या झोताने बाणा, म्हणजे आडवा धागा, फेकणारे माग असतात, एका मिनिटात आठशे-हजार फेऱ्या होतात. आबांनी विचारलं, "किती?" मी पुन्हा सांगितलं. त्यांचा साचा मिनिटाला दोनशेच्या आसपास फिरायचा. पलीकडे बराच वेळ शांतता होती, मला वाटलं रेंज गेली. मग ते म्हणाले, "आन् धागा तुटल्यालं कोण बघतं मग? ती पट्टीच?"

मी म्हटलं, "हो आबा, ती पट्टीच."

"आन् ती पट्टी बिघडली तर?"

मला उत्तर येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी सरांना तोच प्रश्न विचारला.